कितवं?

गेल्या गणपतीतली गोष्ट. आरती झाली, खोबऱ्याचा प्रसाद वाटून झाला, आणि माझी पुतणी पडवीत फोनवर फोटो बघत बसली होती. मुंबईतल्या एका बड्या घरच्या बाईंचं लग्न, अलिबागच्या बाजूला, समुद्राकाठच्या बंगल्यात. बाईंचं वय पन्नाशीच्या पुढे, गळ्यात पाचूंचा हार, शेजारी त्यांच्याहून जरा कोवळा दिसणारा नवरा. फोन हातोहात फिरत आत्याकडे पोचला. तिने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, फोटो जवळ धरला, मग लांब धरला, आणि एकच शब्द विचारला.

"कितवं?"

"तिसरं. नाही, थांब, चौथं. एक परदेशात झालं होतं."

सगळे हसले. मीही हसलो. शेजारच्या त्या नवऱ्याचं ते कितवं होतं, हे आजतागायत आमच्या घरात कुणालाही माहीत नाही. कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडे पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला एक सरळ शब्द आहे, बिजवर. स्थळं सुचवणारी माणसं तो 'घरची शंभर कलमं आहेत' म्हणावं इतक्या सहज टाकायची. मुलगा बिजवर आहे, पण घर चांगलं आहे. त्या शब्दाला डाग नव्हता, फार तर वयाची सूचना होती. बाईच्या दुसऱ्या लग्नाला मात्र लग्न म्हणायलाच जीभ वळत नाही. तो पाट, तो मोहतूर. तो लागायचा रात्री, काळोखात, सवाष्णींच्या नजरेआड. बिजवराची वरात दिवसाढवळ्या वाजतगाजत जायची.

मराठीत मोजणे या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आंबे मोजतात आणि पैसेही मोजतात. श्रीमंत, प्रसिद्ध बायकांची लग्नं मोजताना आपण पहिल्या अर्थावरच थांबतो. मी रत्नागिरीला वकिली करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फायली एकतर जमिनीच्या, नाहीतर नवरा-बायकोच्या, आणि पुष्कळदा दोन्हींची गाठ एकच असते. त्या अनुभवावरून माझं मत असं झालंय की बाईची लग्नं किती, हा फसवा आकडा आहे. प्रत्येक वेळी बाहेर पडायला तिने काय मोजलं, आणि मुळात तिच्याकडे मोजायला काही होतं का, हे विचारलं की त्या बाईबद्दल कळतं आणि आपल्याबद्दलही.

परदेशातल्या सर्वांत गाजलेल्या उदाहरणापासून सुरुवात करतो, कारण परक्याच्या घरात डोकावणं सोपं असतं. बार्बरा हटन, अमेरिकेतल्या वूलवर्थ दुकानांच्या साम्राज्याची वारस. जन्म १९१२, मृत्यू १९७९, मधल्या काळात सात नवरे. एकविसाव्या वर्षी सुमारे पाच कोटी डॉलर हातात आले, तेही महामंदी चालू असताना. वर्तमानपत्रांनी तिला 'बिचारी श्रीमंत पोर' ठरवलं आणि ते बिरुद मरेपर्यंत सुटलं नाही. तिचा पाचवा नवरा पोर्फिरिओ रुबिरोसा, डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या वकिलातीतला माणूस. हे लग्न दोन महिनेही टिकलं नाही. या गृहस्थाची एकूण लग्नं पाच. पहिली बायको हुकूमशहा त्रुहियोची मुलगी, तिसरी डोरिस ड्यूक, म्हणजे तंबाखूच्या पैशाची वारस, आणि चौथी ही. पाच लग्नांचा हा माणूस इतिहासात 'प्लेबॉय' म्हणून गेला. तिच्या सातांना दुर्दैव म्हणतात, त्याच्या पाचांना हातोटी.

पण हटनची खरी गोष्ट सात या आकड्यात नाहीच. १९३७ साली, दुसऱ्या नवऱ्याच्या काळात, तिने अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं आणि ती नवऱ्याच्या देशाची, डेन्मार्कची, नागरिक झाली. जिच्यामागे दुकानांच्या साखळीचा पैसा उभा होता, तिच्याकडून काय सही करून घेतली गेली पाहा. पुढे वेगळं व्हायचं ठरल्यावर एकुलत्या एका मुलाच्या ताब्यावरून भांडण झालं. बहुतेक नवरे जाताना काही ना काही घेऊन गेले. अपवाद अभिनेता कॅरी ग्रँटचा, त्याने एक पैसा घेतला नाही. गंमत अशी की त्यालाच लोकांनी पैशावरून सर्वांत जास्त टोमणे मारले. शेवटी तिच्याकडे त्या संपत्तीतलं फारसं काही उरलं नव्हतं. पैशाने तिला दार उघडता आलं. कुठलं दार उघडावं हे पैशाने कळत नाही, एवढं मान्य करायला माझी हरकत नाही.

आता जरा घराजवळ येऊ. बडोद्याच्या गायकवाडांचं घराणं मराठी, त्यामुळे सीतादेवींची कथा आपल्याकडच्या जुन्या माणसांनी चवीने चघळलेली आहे. पिठापुरमच्या राजघराण्यातली ही मुलगी, जन्म १९१७चा. तिचं लग्न आंध्रातल्या वुय्यूरच्या जमीनदाराशी झालं, मुलं झाली. १९४३ साली मद्रासच्या घोड्यांच्या शर्यतीत तिची आणि बडोद्याचे महाराज प्रतापसिंह यांची गाठ पडली. त्यांचंही लग्न आधीच झालेलं, कोल्हापूरकडच्या शांतादेवींशी, आणि त्यांना आठ मुलं.

इथे कायद्याचा माणूस म्हणून मला जरा थांबावंसं वाटतं. प्रतापसिंहांचे आजोबा सयाजीराव यांनी बडोदा संस्थानात १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. मुंबई प्रांतात तो यायला १९४७ उजाडलं, देशभर १९५५. पण सीतादेवींचं लग्न बडोद्याच्या हद्दीत झालेलं नव्हतं. मद्रासकडच्या हिंदू बाईला नवऱ्यापासून सुटायला कायदेशीर दारच नव्हतं. मग त्यांनी काय केलं? मुसलमान धर्म स्वीकारला, नवऱ्यालाही धर्म बदलण्याचं आवाहन केलं, त्याने नकार दिल्यावर कोर्टातून लग्न रद्द करून घेतलं, आर्य समाजाच्या विधीने पुन्हा हिंदू झाल्या आणि प्रतापसिंहांशी लग्न केलं. एका लग्नातून निघण्यासाठी एका बाईला दोनदा धर्म ओलांडावा लागला. आणि प्रतापसिंह? संस्थानात एकपत्नीत्वाचा कायदा असताना, तो प्रजेला आहे, राजाला नाही, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला. ते जागचे हलले नाहीत. पहिली बायको आपल्या जागी, दुसरी तिच्या शेजारी.

तरी 'भारताची वॉलिस सिम्प्सन' हे नाव पडलं ते सीतादेवींना. वॉलिस सिम्प्सन म्हणजे ती घटस्फोटित अमेरिकन बाई, जिच्याशी लग्न करायला इंग्लंडच्या राजाने १९३६ साली गादी सोडली. प्रतापसिंहांना कुणी कसली उपमा दिली असेल तर ती माझ्या कानावर नाही.

सीतादेवी गरीब गाय नव्हत्या. युद्ध संपल्यावर त्या मोनॅकोत जाऊन राहिल्या, आणि बडोद्याच्या खजिन्यातले हिरे-माणकं-मोती त्यांच्यामागोमाग युरोपात गेले. त्यांच्या पायातल्या पैंजणांचे पाचू न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याकडे गेले, त्याने त्यांचा हार केला, तो खुद्द वॉलिस सिम्प्सनबाईंनी घेतला, आणि एका मेजवानीत सीतादेवी म्हणाल्या की हे खडे माझ्या पायातही छान दिसायचे, असा एक किस्सा सांगतात. किस्सा झकास आहे. पण ते पाचू कुणाचे होते? शेतसारा भरणाऱ्या रयतेचे. सीतादेवींवर ठेवायचा खरा आरोप हा. आणि तो आपण ठेवत नाही, कारण आपण लग्नं मोजण्यात गुंतलेले असतो. 'कितवं' या प्रश्नाने बाईवर अन्याय होतो हे एक, आणि तिच्या खऱ्या हिशेबातून तिची सुटका होते हे दुसरं. १९५१ साली प्रतापसिंहांची गादी गेली, १९५६ साली घटस्फोट झाला, १९८९ साली सीतादेवी पॅरिसमध्ये वारल्या. दागिन्यांचा हिशेब अजून पुरा लागलेला नाही, लग्नांचा मात्र चोख आहे.

मोजून सुटण्याची आपल्या बाजूची सर्वांत स्वच्छ नोंद रखमाबाईंची. लहानपणी लग्न झालेलं, नवऱ्याकडे नांदायला नकार. १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ साली नवऱ्याला २,००० रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. २,००० रुपये, त्या काळचे. ज्यांच्यामागे एवढी रक्कम उभी नव्हती त्या सगळ्या नांदल्या, आणि त्यांची लग्नं टिकली म्हणून आपण त्या काळाचे गोडवे गातो.

रत्नागिरीत राहणाऱ्याला आणखी एक उदाहरण शोधावं लागत नाही, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून ते उभं आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं. आज जो राजवाडा दाखवतात तो १९१० साली पुरा झाला. राजाला चार मुली, आणि त्यांच्यासाठी राजरक्ताचा नवरा रत्नागिरीत मिळणार कुठून? मुली थोरल्या होत गेल्या, राजाच्या हयातीत लग्नं झाली नाहीत. थोरल्या राजकन्येला वाड्यावरच्याच एका नोकरापासून मुलगी झाली. तो इथलाच मराठी माणूस, घरी बायको असलेला. १९१६ साली राजा वारला, १९१९ साली कुटुंब मायदेशी गेलं, पण थोरली तिथून परत रत्नागिरीला आली आणि शेवटपर्यंत इथेच राहिली. तिची मुलगी टुटू रत्नागिरीकर होऊन, मराठी बोलत, हाताला काम करत जगली. आमच्या शहरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तिला पाहिलेलं आहे.

आता या राजकन्येची लग्नं मोजा. शून्य. जन्माने तिच्याहून वरच्या पायरीवरची बाई तेव्हा उभ्या कोकणात नसेल, आणि तिच्या हातात स्वतःची म्हणावी अशी एक सही नव्हती. खर्चाला इंग्रज सरकारचा तनखा, परवानगीला बाप आणि सरकार दोन्ही. तिच्यापुढे एक आडवाट होती, तिने ती धरली. वाडा आज संग्रहालय आहे. तिथे पर्यटक राजाची खुर्ची बघतात.

उच्चभ्रूंच्या या गोष्टी ऐकून आपल्या लोकांना वाटतं की लग्न मोडणं हे बड्यांचं फॅड आहे आणि आपण साधी माणसं एका लग्नात जन्म काढत आलो. हे धडधडीत खोटं आहे. कोकणातल्या कुणबी, भंडारी, कोळी घरांत काडीमोड होती. पंचांसमोर काडी मोडली की संपलं, मग बाईचा पाट लागायचा. माझ्या पणजीचा पाटच लागला होता, आणि आमचा सगळा वंश त्या पाटापासून सुरू होतो. आम्ही ते कुळाचाराच्या वहीत लिहीत नाही, एवढंच. पाटात बाईला मान कमी होता, पण सुटका होती. मग आम्ही सुधारलो. वरच्या जातींसारखं दिसायचं तर पहिल्यांदा पाट बंद करायला हवा, असं कळत्या माणसांना वाटलं. इकडे वरच्या जातीतले सुधारक उलट्या दिशेने धडपडत होते. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं तेव्हा गावाने त्यांना बहिष्कृत केलं. कर्वेही विधुर होते, म्हणजे दोघांचंही लग्न दुसरंच. मुरूडच्या सभेत कर्व्यांचं ते दुसरं लग्न आहे हा मुद्दा कुणी काढल्याचं मी कधी वाचलेलं नाही. कुमारिकेशी केलं असतं तर गावजेवण झालं असतं.

पाट गेला आणि चाकरमानी आला. पुरुष मुंबईला गिरणीत, बाई गावाला म्हाताऱ्यांपाशी, दोघांच्या मधे बोट, नंतर एसटी, आणि महिन्याची मनीऑर्डर. माझ्या आत्याचे यजमान लालबागच्या एका गिरणीत होते. शिमग्याला आणि गणपतीला यायचे. मुंबईत त्यांचं दुसरं बिऱ्हाड आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना कुणी कधी 'कितवं' म्हणून विचारलं नाही, कारण ते लग्नच नव्हतं. आकड्यात न बसणारी गोष्ट मोजायची कशी? १९८२चा संप झाला, गिरणी सुटली, दुसरं बिऱ्हाडही सुटलं, आणि ते खोकत खोकत गावाला आले. आत्याने चार वर्षं त्यांची उस्तवार केली. तिचं लग्न एकच. आदर्श म्हणून नव्या सुनांना तिच्या पाया पडायला पाठवतात.

मला माहीत आहे, इथे कुणीतरी मुलांचा प्रश्न काढणार. रास्त आहे. हटनच्या मुलाचं बालपण आईबापांच्या ओढाताणीत गेलं, तो विमान अपघातात गेला तेव्हा जेमतेम छत्तीस वर्षांचा होता, आणि त्या घरात सुख होतं असं कुणी म्हणणार नाही. पण माझी आतेभावंडं कुणाच्या सावलीत वाढली? एक लग्न असलेल्या घरात. बाप वर्षातून दोनदा दिसायचा आणि दोन्ही वेळा पाहुण्यासारखा. मुलांसाठी म्हणून टिकवलेल्या लग्नांचे साक्षीपुरावे मी पंचवीस वर्षं ऐकतोय, त्यावर फार बोलत नाही.

बोलायचंय ते सहीवर. माझ्याकडे महिन्याला एखादं तरी हक्कसोडपत्र येतं. वडील वारलेले असतात, वारसनोंद झालेली असते, सातबाऱ्यावर बहिणींची नावं चढलेली असतात. मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क महाराष्ट्राने १९९४ साली मान्य केला, देशाने २००५ साली. मग गणपतीत किंवा मे महिन्यात बहिणी विरार-डोंबिवलीहून आल्या की भाऊ त्यांना रिक्षात घालून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आणतो. कागदावर लिहिलेलं असतं, प्रेमापोटी व विनामोबदला. २०२४ पर्यंत या कागदाला २०० रुपयांचा मुद्रांक पुरायचा, आता ५०० लागतो. अंगठा यंत्रावर, डोळे कॅमेऱ्याकडे, सही इथे, इथे आणि इथे. मी विचारतो, ताई, वाचलंत ना? समजलं ना? उत्तर ठरलेलं, "माहेर तुटायला नको हो." मुंबई-पुण्याची माणसं आमच्या किनाऱ्याला गुंठा गुंठा विचारत फिरतायत, त्या दिवसांत ही सही होते.

दोन वर्षांनी त्यातलीच एखादी परत येते. मागच्या पावसाळ्यात एक आल्या होत्या. दुधाच्या पिशवीत कागद गुंडाळलेले, वर रबर. दवाखान्याच्या दोन चिठ्ठ्या, पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच, नवऱ्याच्या पगाराची कुठून तरी मिळवलेली झेरॉक्स. सगळं नीट तारखेवार लावलेलं. वकिलाला असं अशील क्वचित मिळतं. मी पोटगीचं सांगितलं, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं सांगितलं, परस्परसंमतीने होत असेल तर किती महिने ते सांगितलं. मग विचारलं, तोवर राहणार कुठे? त्या म्हणाल्या, "भावाच्या—" आणि थांबल्या. बाहेर पाऊस लागला होता. त्यांनी कागद पुन्हा तसेच गुंडाळले, रबर लावलं, आणि साडेतीनच्या गाडीने गेल्या. जिथून आल्या तिथेच.

फोटोतल्या त्या पाचूवाल्या बाईंत आणि यांच्यात फरक चारित्र्याचा नाही, शिक्षणाचाही फारसा नाही. त्या बाईंकडून कुणी हक्कसोड करून घेतलेलं नाही. नकोसं झालं तेव्हा त्यांना जायला घर होतं, आणि घराच्या कागदावर नाव त्यांचं होतं. आपल्या मुलींनी एकाच लग्नात सुखाने नांदावं असं वाटत असेल तर वाटू दे, मलाही वाटतं. पण नांदणं आणि अडकून पडणं यांतला फरक सातबाऱ्यावर दिसतो. त्यासाठी नवा कायदा नको, असलेल्या कायद्याने चढलेलं नाव भावाने खोडून न घेणं पुरे. ग्रामसभेत बोलायचं तर याच्यावर बोला. कुणाच्या चौथ्या लग्नाच्या मेजवानीत काय होतं, याने आपल्या गावातली एक बाई इकडची तिकडे होत नाही.

हे सगळं मी मोठ्या तोंडाने लिहितोय, तर उरलेलंही सांगतो. आजोबा गेले तेव्हा आत्याचं नावही सातबाऱ्यावर चढलं होतं. तिचं हक्कसोडपत्र मी तयार केलं. नवा वकील होतो, घरचं काम म्हणून फी घेतली नाही, याचं तेव्हा कौतुकही झालं होतं. आत्याने न वाचता सही केली. त्या वर्षी गौरीला आईने तिला पैठणी नेसवली. तिने ती पुन्हा कधी घातलेली मी पाहिलेली नाही. घर वडिलांचं झालं, त्यांच्यामागे माझं झालं.

गणपतीला ती येते. आल्या आल्या एकदा सगळं घर फिरते आणि विचारते, "माझ्या खोलीची कौलं परतलीस काय रे?" परतली, म्हणतो मी. त्या खोलीवर आता स्लॅब आहे, आत एसी आहे, सुट्ट्यांत आम्ही ती पर्यटकांना देतो. या वेळी तिथे पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं, आगाऊ पैसे भरून. आत्या माजघरात झोपली.